दोन डोळे आणि एक चावी

सेमिनरीत शिकत असताना आमच्या एका वृद्ध प्राध्यापक फादरांनी आम्हांला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचावयास दिले होते. जगातील थोर चित्रपट-दिग्दर्शकांची नवख्या वाचकाला ओळख करून देणारे ते पुस्तक होते. प्रत्येक दिग्दर्शकाच्या वाट्याला सात-आठ पाने. आरंभी जन्म व बालपण, मग महत्त्वाचे चित्रपट आणि अखेरीस त्याच्या शैलीची वैशिष्ट्ये. ग्रिफिथ, आयझेनस्टाइन, चॅप्लिन, ड्रायर, डी सिका, बर्गमन, कुरोसावा अशी ती थोरांची पंगत होती. त्या पंगतीत आपल्या देशाचे म्हणून एकटे सत्यजित राय बसले होते.

ते पुस्तक आम्ही इतक्या वेळा वाचले की ते परत करण्याचे राहूनच गेले. कॅमेरा खालून वर पाहू लागला की माणूस मोठा भासतो आणि वरून खाली पाहू लागला की तोच माणूस केविलवाणा होतो. दोन चित्रे एकापुढे एक जोडली की दोहोंत नसलेला तिसराच अर्थ जन्मास येतो. पडद्यावर जे दाखवले नाही तेही दिग्दर्शकाने निवडलेले असते. हे सारे आम्ही त्या पुस्तकातून शिकलो. पुढे गुरुदीक्षा झाली, बदल्या झाल्या. साताऱ्यास काही वर्षे काढून आम्ही सांगली जिल्ह्यातील एका लहानशा पॅरिशमध्ये आलो. पुस्तकही आमच्या ट्रंकेतून आमच्याबरोबर हिंडत राहिले.

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या मनाने घेतले की पॅरिशमधील तरुण मुलामुलींसाठी चित्रपट कसा पाहावा याचा एक छोटासा वर्ग चालवावा. शुक्रवारी क्रुसाची वाट आणि शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये चित्रपट, असे पाच शनिवार. आमची मुले दिवसाचे कित्येक तास हातातल्या मोबाइलवर चित्रे पाहतात, पण चित्राकडे पाहावे कसे हे त्यांना कोणी शिकवलेले नाही, अशी आमची तक्रार होती. आपल्याला ते येते, असा आमचा समजही होता.

पहिल्या शनिवारी आम्ही आयझेनस्टाइनच्या १९२५ सालच्या 'बॅटलशिप पोटेम्किन'मधील ओडेसाच्या पायऱ्यांचा प्रसंग दाखवला. मुलांनी तो सौजन्याने पाहिला. दुसऱ्या शनिवारी डी सिकाचा १९४८ सालचा 'बायसिकल थीव्ज' लावला. रोममधील एका गरीब माणसाला भिंतीवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी मिळते. त्या नोकरीसाठी सायकल हवी, आणि पहिल्याच दिवशी तीच चोरीला जाते. लहानग्या मुलाला बरोबर घेऊन तो शहरभर हिंडतो, आणि अखेर हताश होऊन स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलतो व पकडला जातो. १९५० साली लंडनमध्ये सत्यजित राय यांनी हा चित्रपट पाहिला आणि आपणही असाच चित्रपट काढावा हा त्यांचा निश्चय पक्का झाला. पाच वर्षांनी 'पथेर पांचाली' पडद्यावर आला. हे सर्व आम्ही रंगवून सांगत होतो. तोच आमचे लक्ष हॉलच्या मागच्या दाराकडे गेले. तेथे एक तरुण भिंतीला टेकून उभा होता. तो केव्हा आला होता हे आम्हांला कळले नव्हते.

या तरुणाविषयी थोडे सांगितले पाहिजे. पूर्वी आमच्या चर्चमधील माईक, स्पीकर, तारा, सारे तोच सांभाळत असे. हॉलची चावी त्याच्याच खिशात असायची. त्या शनिवारच्या काही महिने आधी तो काम करीत असलेल्या ठिकाणी चोरी झाली. त्याला अटक झाली, काही आठवडे तो कच्च्या कैदेत होता आणि मग जामिनावर सुटला. त्याने ती चोरी केली की नाही हे आम्हांला ठाऊक नाही. खटला अजून उभा राहिलेला नाही. तो सुटून आल्यानंतरच्या रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही त्याला बाजूला घेतले आणि म्हणालो, "हॉलला नवीन कुलूप बसवायचं आहे, तुझ्याकडची चावी दे." त्याने एक शब्दही न बोलता चावी काढून आमच्या हातावर ठेवली. नवीन कुलूप आम्ही कधीच बसवले नाही.

त्या संध्याकाळी चित्रपट संपल्यावर अकरावीत शिकणारी एक मुलगी उठून म्हणाली, "फादर, ही सगळी माणसं फार लांबची आहेत. आपल्याकडं कुणी नव्हतं का?"

आम्ही म्हणालो, "सत्यजित राय आहेत ना."

"ते कलकत्त्याचे. आपल्याकडं म्हणजे इथं."

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या पुस्तकात 'इथले' असे पान नव्हते. मुले गेल्यावर आम्ही खुर्च्या उचलून ठेवल्या, प्रोजेक्टर व लॅपटॉप कपाटात ठेवले आणि कुलूप लावण्यापूर्वी सारे सामान एकदा मोजले. तो तरुण तेव्हा अंगणात सायकलीला हात लावून उभा होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही 'इथले' शोधावयास बसलो, आणि आपल्याच अंगणात पुरलेले धन आपल्याला दिसू नये याची आम्हांला लाज वाटली. भारतीय चित्रपटाचा आरंभच मुळी एका ख्रिस्तपटापाशी जाऊन पोहोचतो. दादासाहेब फाळके यांनी १९१०च्या सुमारास मुंबईत प्रभू येशूच्या चरित्रावरील मूकपट पाहिला, आणि आपल्या देवादिकांची चरित्रे अशी पडद्यावर आणता येतील हा ध्यास त्यांनी घेतला. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' हे त्याचे फळ. त्यानंतर आमच्या शेजारी, कोल्हापुरात, बाबूराव पेंटर उभे राहिले. त्यांच्या हाताखाली शिकलेले शांताराम वणकुद्रे, म्हणजे व्ही. शांताराम, यांनी १९२९ साली सहकाऱ्यांबरोबर कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ साली ती पुण्यास गेली. आजची फिल्म इन्स्टिट्यूट तिच्याच आवारात आहे. पुण्यात प्रभातने काढलेला पहिला चित्रपट म्हणजे १९३४ सालचा 'अमृतमंथन'. त्याची कथा ज्यांच्या कादंबरीवरून घेतली ते नारायण हरी आपटे सांगलीजवळच्या समडोळीचे, आणि पुढे सातारा जिल्ह्यातील कोरेगावी राहिलेले. साताऱ्यास असताना त्या कोरेगावावरून आम्ही किती वेळा गेलो असू!

म्हणून तिसऱ्या शनिवारी आम्ही पुस्तकातील क्रम बाजूला ठेवला आणि एकच विषय घेतला: पडद्यावरचे डोळे. दिग्दर्शकाजवळ जी साधने असतात त्यांत क्लोज-अप हे सर्वांत साधे आणि सर्वांत धोक्याचे. रंगभूमीवर प्रेक्षक आपल्या जागेवरून नटाकडे पाहतो, त्यातले अंतर कमी होत नाही. चित्रपटात कॅमेरा प्रेक्षकाला उचलून थेट माणसाच्या चेहऱ्यासमोर नेऊन बसवतो. मागचे घर, रस्ता, आभाळ, सारे पुसले जाते आणि केवळ एक मुद्रा उरते. तेथे नटाला लपावयास जागा नसते. पाहणाऱ्यालाही नसते.

प्रथम आम्ही ड्रायरचा १९२८ सालचा मूकपट 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' दाखवला. जवळजवळ सारा चित्रपट चेहऱ्यांनीच भरलेला आहे. एकीकडे फाल्कोनेत्ती या नटीचा निराधार चेहरा, आणि दुसरीकडे तिच्यावर खिळलेले न्यायाधीशांचे डोळे. ड्रायरने नटांना रंगभूषा लावू दिली नाही, त्यामुळे कातडीवरची प्रत्येक सुरकुती बोलते. हे न्यायाधीश म्हणजे धर्मगुरू होते, हे मुलांना सांगताना आमचा आवाज किंचित खाली आला. १९९५ साली, चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची जी यादी प्रसिद्ध केली तीत हा चित्रपट आहे. आपल्याला आरसा दाखवणाऱ्या कलाकृतीचा धर्मसभेने असा गौरव करावा, ही आम्हांला मोठीच गोष्ट वाटते.

मग 'अमृतमंथन'. राजाने देवीपुढचे बळी बंद केले म्हणून खवळलेला राजगुरू त्याचा वध घडवून आणतो. ही भूमिका मराठी चित्रपटात केशवराव दाते यांनी आणि हिंदीत चंद्रमोहन यांनी केली. शांतारामांनी टेलिफोटो भिंग वापरून राजगुरूचा डोळा असा टिपला आहे की पडदाभर तो एकच डोळा उरतो. मुले दचकली. एक जण म्हणाला, "फादर, हा डोळा माणसाला बघतच नाही, नुसता धरून ठेवतो."

पुस्तकाच्या सात-आठ पानांत आम्हांला न सापडलेले वाक्य त्या मुलाने सहज उच्चारले होते. आमच्या मनात मात्र दुसरेच काही आले. ड्रायरचे न्यायाधीश पुरोहित आणि शांतारामांचा राजगुरूही पुरोहितच. आणि हॉलच्या दाराशी खुर्ची टाकून, पडद्याऐवजी मागच्या रांगेतील एका तरुणावर नजर ठेवून बसलेले आम्ही कोण? प्रोजेक्टरच्या उजेडात एकदा त्याची व आमची नजरानजर झाली. त्याने नजर खाली वळवली.

चौथ्या शनिवारी 'दो आँखें बारह हाथ' लावला. हा १९५७ सालचा चित्रपट. दिग्दर्शक आणि नायक शांतारामच. कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची. माडगूळकर आटपाडी तालुक्यातले. त्यांचा जन्म शेटफळ्याचा, घर माडगुळ्याचे. म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे, जरी चित्रपट निघाला तेव्हा या जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते व सांगली हे नाव त्याला १९६० साली मिळाले. आदिनाथ नावाचा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर एका ओसाड माळावर घेऊन जातो. तेथे भिंत नाही, पहारा नाही. आहेत ते फक्त त्याचे दोन डोळे आणि त्यांचे बारा हात. माळ नांगरला जातो, पाऊस येतो, पीक उभे राहते. भाजी बाजारात स्वस्त विकली जाऊ लागते तशी एका दलालाची पोळी जळते, आणि त्याने घडवून आणलेल्या हल्ल्यात आदिनाथचा प्राण जातो.

शीर्षकातच संकलनाचा धडा आहे. एका चित्रात डोळे, पुढच्या चित्रात हात, आणि त्या दोहोंच्या जोडणीतून जन्मणारा तिसरा अर्थ म्हणजे विश्वास. शांतारामांना भडकपणाचा मोह होता, हे आम्ही मुलांपासून लपवले नाही. कोठे कोठे पार्श्वसंगीत आपल्याला हात धरून रडावयास लावते, आणि प्रतीके इतकी मोठ्याने बोलतात की प्रेक्षकाला बोलण्यास जागा उरत नाही. परंतु काळ्यापांढऱ्या छायेत उजाड माळ आणि माणसाचे हात यांना त्यांनी जी प्रतिष्ठा दिली तिला तोड नाही. वसंत देसाई यांच्या संगीतातील, भरत व्यासांनी लिहिलेली व लता मंगेशकरांनी गायलेली प्रार्थना आजही शाळाशाळांतून म्हटली जाते. आमच्या मुलांना ती पाठ होती, ती कोणत्या चित्रपटातली हे मात्र ठाऊक नव्हते. बैलाशी झुंज देण्याच्या प्रसंगाच्या चित्रीकरणात शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. डोळ्यांवरचा चित्रपट काढता काढता त्यांची दृष्टी जावयाची, ती सुदैवाने वाचली.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या चित्रपटाला त्या वर्षीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात सर्वोच्च मान बर्गमनच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'ला मिळाला आणि शांतारामांच्या चित्रपटास रौप्य अस्वल देण्यात आले. त्याच महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. ही संघटना १९२८ साली स्थापन झाली होती. २००१ साली ती 'सिग्निस' या संस्थेत विलीन झाली. चित्रपट, रेडिओ व दूरचित्रवाणी यांविषयीचे 'मिरांदा प्रोर्सूस' हे परिपत्रक पोप पायस बारावे यांनी काढले तेही १९५७ सालीच. एका कोल्हापूरकराने काढलेल्या, एका माणदेशी माणसाने लिहिलेल्या चित्रपटावर कॅथलिक परीक्षकांनी आपली मुद्रा उमटवली, आणि आम्ही सेमिनरीत शिकूनही आम्हांला हे ठाऊक नव्हते!

मुलांना ही गोष्ट कल्पित वाटली होती. ती मुळात कल्पित नाही, हे आम्हीही तेव्हाच वाचले होते. सातारा जिल्ह्यातील औंध हे पूर्वी एक छोटे संस्थान होते आणि आटपाडीचा मुलूख त्याच संस्थानात मोडत असे. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली, स्वतःची सत्ता स्वतःच्या हाताने कमी केली. त्या कामी पोलंडमध्ये जन्मलेले मॉरिस फ्रीडमन हे इंजिनिअर राजांचे साहाय्यक होते. त्याच प्रयोगाचा एक भाग म्हणून आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत निघाली. तिचे नाव स्वतंत्रपूर. शिक्षा झालेल्या माणसांनी तेथे शेती करावी, कुटुंबासह राहावे, आणि पळून जाता येत असूनही पळून जाऊ नये, एवढाच तिचा नियम. चित्रपटाची प्रेरणा ही. संस्थान गेले, पण वसाहत राहिली. आज ती राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे.

पाचव्या शनिवारी आम्ही चित्रपट दाखवला नाही. एक लहान गाडी ठरवून आम्ही तासगाव-विट्याच्या वाटेने आटपाडीकडे गेलो. तो तरुणही आला. त्याला आम्ही बोलावले नव्हते, त्या अकरावीतल्या मुलीने परस्पर बोलावले होते. वसाहतीच्या आत आम्ही गेलो नाही. तुरुंग हे काही सहलीचे ठिकाण नव्हे, आणि तेथील माणसे म्हणजे आमच्या वर्गाचे प्रात्यक्षिक नव्हेत. दुरूनच थांबलो. मुले तट शोधत होती आणि त्यांच्या डोळ्यांना तो सापडत नव्हता.

"फादर, मग यांना धरून कोण ठेवतं?" एकाने विचारले.

आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो. तेवढ्यात तो तरुण, दोन महिन्यांत प्रथमच, सर्वांसमक्ष बोलला. "कुणीतरी त्यांना मोजायचं थांबवलं असणार," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर आम्ही बोललो नाही. संत पेत्राने प्रभूला तिसऱ्यांदा नाकारले आणि कोंबडा आरवला, तेव्हा प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले, असे संत लूकने लिहिले आहे. त्या नजरेचे वर्णन त्याने केलेले नाही. एवढेच सांगितले आहे की पेत्र बाहेर जाऊन रडला. राजगुरूची नजर पडली असती तर पेत्र पळाला असता. ज्या नजरेने तो रडला आणि तरीही टिकला, ती निराळी होती. भिंग तेच, अंतर तेच, उजेडही कदाचित तोच. समोरच्या माणसाकडून आपल्याला काय हवे आहे यावर डोळ्यांचा अर्थ ठरतो. दिग्दर्शनाची कला याहून अधिक काय आहे, हे आमचे पुस्तक आम्हांला सांगू शकले नव्हते. ओळखग्रंथ आपल्याला शॉटची नावे शिकवतात आणि ती शिकलीच पाहिजेत. अक्षरओळख नसेल तर वाचणार काय? पण अक्षरे ओळखता येऊ लागली की स्वतःचा चेहराही त्या चौकटीत दिसू लागतो, आणि तेथे पुस्तक थांबते.

त्या रात्री हॉलसमोर गाडी उभी राहिली तेव्हा आम्ही खिशातून चावी काढली आणि त्या तरुणापुढे धरली. "नवीन कुलूप बसवायचं म्हणालो होतो, ते खोटं होतं," आम्ही म्हणालो. पापनिवेदनाच्या कठड्याआड वर्षानुवर्षे बसूनही एवढे वाक्य उच्चारणे आम्हांला जड गेले.

तो बराच वेळ चावीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माहीत होतं, फादर. सामान मोजून घेताना बघितलं होतं तुम्हाला." आणि थोडे थांबून, "आताही मोजून देऊ का?"

त्या प्रश्नात राग नव्हता. राग असता तर आम्हांला सोपे गेले असते.

"नको," आम्ही म्हणालो. त्याने चावी घेतली.

पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या सभेत एका ज्येष्ठ सदस्यांनी विषय काढला. "फादर, तुमचं मन मोठं आहे, पण उद्या काही कमी-जास्त झालं तर? सामान लोकांच्या वर्गणीचं आहे." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आदिनाथलाही वरिष्ठांनी हाच प्रश्न केला असता. आम्ही म्हणालो की सामानाचे उत्तर आम्ही देऊ, आणि ते आमच्या नावावर लिहून घ्यावे. तसे लिहून घेण्यात आले.

वाचकहो, ही गोष्ट येथे संपवता आली असती तर चित्रपटासारखी झाली असती. ती संपलेली नाही. खटल्याची तारीख अजून लागावयाची आहे. न्यायालय काय म्हणेल हे आम्हांला ठाऊक नाही, आणि कधीकधी रात्री हॉलमध्ये काही वाजले की आम्ही अजूनही खिडकीशी जाऊन उभे राहतो. सवय एका प्रायश्चित्तकाळात जात नाही. पण चावी त्याच्याकडेच आहे. रविवारी मिस्सेपूर्वी माईक तोच लावतो.

त्या जुन्या पुस्तकाच्या शेवटी दोन कोरी पाने होती. त्यांवर अकरावीतल्या त्या मुलीने स्वच्छ अक्षरात लिहिले आहे: व्ही. शांताराम, जन्म १९०१, कोल्हापूर. मृत्यू १९९०, मुंबई. खाली चित्रपटांची नावे, आणि त्याखाली नारायण हरी आपटे, समडोळी व कोरेगाव, ग. दि. माडगूळकर, माडगुळे. पुढच्या वर्षी वर्ग पुन्हा भरवायचा आहे. या वेळी आरंभ त्या पानापासून करू.